एक देश, पाच खिडक्या : भोर समितीचा अहवाल फडताळात का राहिला?

१४ एप्रिल जवळ आला की वस्त्यावस्त्यांत आरोग्य शिबिरांचे फलक लागतात. रक्तदाब तपासला जातो, साखर तपासली जाते, चष्मे वाटले जातात, रक्तदान होते. हे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल आम्हाला आदर आहे. पण शिबिर संपते, मंडप उतरतो, आणि ज्याची साखर तीनशेच्या वर निघाली तो माणूस दुसऱ्या दिवशी कुठे जातो? सरकारी दवाखान्यात गोळ्या संपलेल्या असतात, खासगी डॉक्टरकडे रोज खाडा करून जावे लागते, आणि मेडिकलवाला उधार देत नाही. या माणसाला आपण शिबिरातून उत्तर देऊ शकत नाही. त्याचे उत्तर देशाची आरोग्यव्यवस्था कशी बांधली गेली यात आहे, आणि ती अशी का बांधली गेली हे समजायचे असेल तर १९४२ ते १९४८ ही सहा-सात वर्षे नीट वाचावी लागतात.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. या सहा-सात वर्षांत दोन देशांसमोर जवळपास सारखाच प्रश्न होता आणि दोन्हीकडे अहवाल तयार झाले. ब्रिटनने त्यावर देशातल्या प्रत्येक माणसासाठी एकच आरोग्यसेवा उभी केली. भारताने अहवालाची स्तुती केली, तो फडताळात ठेवला आणि त्याच्या जागी वर्गवार, म्हणजेच प्रत्यक्षात जातवार, वेगवेगळ्या खिडक्या उघडल्या. "देश गरीब होता, पैसा नव्हता" हे त्याचे नेहमीचे समर्थन आहे. ते पूर्ण खरे नाही.

कोणत्याही आरोग्यव्यवस्थेला विचारायचे तीन प्रश्न

देशोदेशीच्या आरोग्यव्यवस्थांबद्दल बोलताना तज्ज्ञ मंडळी एवढी परिभाषा वापरतात की सामान्य कार्यकर्ता गप्प बसतो. खरे तर तीन प्रश्न पुरतात. पैसा कुठून येतो? दवाखाना आणि डॉक्टर कोणाच्या अखत्यारीत आहेत? आणि उपचार नाकारला तर जाब कोणाला विचारायचा?

जर्मनीत बिस्मार्कने १८८३ साली कामगारांसाठी आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. पैसा मालक आणि कामगार यांच्या वर्गणीतून, ती जमा होणार आजार निधीत, आणि डॉक्टर त्या निधीशी करार करून काम करणार. ही विम्याची पद्धत. ब्रिटनने १९४८ साली दुसरी पद्धत स्वीकारली : पैसा मुख्यतः सर्वसाधारण करांतून, रुग्णालये सरकारची, आणि उपचाराच्या वेळी रुग्णाने काहीही द्यायचे नाही. तिसरी पद्धत म्हणजे कोणतीच पद्धत नसणे : ज्याच्या खिशात पैसा आहे त्याने उपचार विकत घ्यावा, ज्याच्याकडे नाही त्याने कर्ज काढावे किंवा मरावे. आपल्या देशात या तिन्ही पद्धती एकत्र नांदतात. कोणाच्या वाट्याला कोणती आली हे पाहिले की बाबासाहेबांनी सांगितलेली श्रेणीबद्ध विषमता डोळ्यांसमोर उभी राहते.

खाणकामगाराच्या मुलाने काय केले

ब्रिटन म्हणजे पहिल्यापासून सुखी, समतेचा देश होता असा गैरसमज नको. १९११ च्या कायद्याने तिथे कामगाराला आरोग्य विमा मिळाला होता, पण त्याच्या बायकोमुलांना नव्हता, आणि रुग्णालयातल्या उपचारांची सोयही त्यात नव्हती. घरात आजारी पडणाऱ्या बाईने दुखणे अंगावर काढायचे, कारण डॉक्टरची फी म्हणजे आठवड्याची भाकरी. रुग्णालये दोन प्रकारची होती. एक धर्मादाय, श्रीमंतांच्या देणग्यांवर चालणारी. दुसरी नगरपालिकांची. त्यांतली अनेक जुन्या दरिद्रालयांतून वाढलेली, त्यामुळे तिथे दाखल होणे गोरगरिबांनाही लाजिरवाणे वाटे.

दुसऱ्या महायुद्धाने दोन गोष्टी केल्या. बॉम्बहल्ल्यांतल्या जखमींसाठी सरकारने रुग्णालये एका योजनेखाली आणली. ती मध्यवर्ती नियोजनाने चालू शकतात हे त्यातून सिद्ध झाले. आणि १९४२ च्या अखेरीस विल्यम बेव्हरिज यांचा सामाजिक सुरक्षेवरचा अहवाल आला. सरकारी अहवाल असूनही त्याच्या लाखो प्रती खपल्या. युद्धानंतर जुनी दुनिया परत नको, असे लोकांनी ठरवले होते. जुलै १९४५ च्या निवडणुकीत त्यांनी युद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलना घरी बसवले आणि मजूर पक्षाला प्रचंड बहुमत दिले.

आरोग्यमंत्री झाले अन्यूरिन बेव्हन. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचे, खाणकामगाराचा मुलगा, स्वतः कोवळ्या वयात खाणीत उतरलेले. त्यांच्या गावात कामगारांनी १८९० पासून स्वतःची वैद्यकीय मदत संस्था चालवली होती. मजुरीतून दर आठवड्याला थोडी वर्गणी कापायची, त्यातून डॉक्टर नेमायचे आणि दवाखाना चालवायचा. गावातल्या बहुसंख्य लोकांना तिचा आधार होता. बेव्हन यांनी हाच नमुना देशभर नेला. फक्त वर्गणीच्या जागी कर आणि कामगारांच्या संस्थेच्या जागी राज्यसंस्था आली.

१९४६ साली कायदा झाला. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि अडीच हजारांहून अधिक रुग्णालये सरकारकडे आली. हुजूर पक्षाने संसदेत विधेयकाविरुद्ध मतदान केले होते. डॉक्टरांच्या संघटनेने १९४८ च्या फेब्रुवारीत सभासदांचे मत घेतले तेव्हा मत देणाऱ्यांपैकी सुमारे ९० टक्के विरोधात होते. बेव्हन यांनी तडजोडी केल्या : तज्ज्ञ डॉक्टरांना खासगी प्रॅक्टिसची मुभा दिली, आणि गल्लीतल्या डॉक्टरला सरकारी नोकर न करता त्याच्या यादीतल्या माणसांच्या संख्येनुसार मोबदला दिला. पण एका मुद्द्यावर ते हटले नाहीत. सेवा गरिबांसाठी वेगळी नसेल, सर्वांसाठी एकच असेल. यामागचा हिशेब राजकीय होता. ज्या दवाखान्यात न्यायाधीशाची आई आणि सफाई कामगाराची आई एकाच रांगेत बसतात, त्या दवाखान्याचा निधी कापणे सरकारला जड जाते. फक्त गरिबांच्या दवाखान्याला वाली नसतो.

हे करताना ब्रिटन श्रीमंत होता का? युद्धाने तो कर्जात बुडाला होता. १९४६ साली अमेरिकेकडून ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. युद्धातही न लावलेले पावावरचे रेशनिंग त्याच वर्षी लावावे लागले. लोक रेशनचा पाव खात असताना मोफत आरोग्यसेवा सुरू झाली, ही गोष्ट "पैसा नव्हता" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावी.

ही सेवा निर्दोष नव्हती. १९५१ साली कोरियन युद्धाच्या शस्त्रखर्चासाठी चष्मे आणि कवळ्यांवर शुल्क लावले गेले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे भारत-पाकिस्तानातून हजारो डॉक्टर तिथे गेले. गोऱ्या डॉक्टरांना नको असलेल्या खाणपट्ट्यांत आणि वृद्धांच्या वॉर्डांत त्यांनी ती सेवा तोलून धरली, आणि वर्णद्वेषही सोसला. म्हणजे भारतातल्या गरिबांच्या करातून शिकलेले डॉक्टर ब्रिटनच्या जनतेची सेवा करत होते आणि आपली खेडी रिकामी होती.

त्याच वर्षांत भारतात

ऑक्टोबर १९४३ मध्ये ब्रिटिश भारत सरकारने सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी व विकास समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यातले चित्र भयंकर होते. सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे. १९३७ साली जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १६२ पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. हे प्रमाण इंग्लंडच्या जवळजवळ तिप्पट होते. दर हजार लोकांमागे रुग्णालयातल्या खाटा ०.२४, तर इंग्लंड-वेल्समध्ये ७.१४. साऱ्या ब्रिटिश भारतात डॉक्टर सुमारे ४७ हजार आणि परिचारिका फक्त ७ हजारांच्या आसपास.

समितीने नुसते रडगाणे गायले नाही. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारापासून वंचित राहू नये, हे तत्त्व तिने मांडले. आजार बरा करणे आणि आजार होऊ न देणे ही दोन्ही कामे एकाच यंत्रणेने करावीत असे सांगितले. तातडीची पायरी म्हणून दर ४० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र : दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार प्रसूतिसेविका, चार प्रशिक्षित दाया आणि इतर कर्मचारी. पुढच्या काही दशकांत दर १० ते २० हजारांमागे ७५ खाटांचे रुग्णालय, त्यावर ६५० खाटांचे दुसऱ्या पातळीचे आणि जिल्ह्याला अडीच हजार खाटांचे. सर्वांत खालची पायरी आधी भक्कम करायची, मग वरच्या.

या अहवालातही एक वर्गीय दोष होता. त्यावेळच्या ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळपास ३० हजार हे कमी मुदतीचा अभ्यासक्रम पुरा केलेले परवानाधारक डॉक्टर होते. समितीच्या बहुमताने तो अभ्यासक्रम बंद करून फक्त पदवीधर डॉक्टर घडवावेत अशी शिफारस केली. काही सदस्यांनी याविरुद्ध वेगळे मत नोंदवले : पुरेसे पदवीधर तयार होईपर्यंत खेड्यांना डॉक्टर कुठून मिळणार? स्वतंत्र भारताने समितीच्या बाकीच्या शिफारशी लांबवल्या, पण ही शिफारस तत्परतेने अमलात आली.

बाबासाहेब या चित्रात कुठे आहेत?

भोर समिती बाबासाहेबांच्या खात्याची नव्हती. ते १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या संदेशांत सगळ्याच कायद्यांचे श्रेय एका ओळीत दिले जाते. आपल्याला त्याची गरज नाही. जे त्यांनी प्रत्यक्ष केले तेच पुरेसे मोठे आहे.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. त्यांचा युक्तिवाद आजही ताजा आहे : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे. म्हणून त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलायला हवा, आणि स्त्रीच्या श्रमातून नफा कमावणाऱ्या मालकालाही त्यातून सुटका मिळता कामा नये. आरोग्याचा खर्च ही दया नसून सार्वजनिक जबाबदारी आहे, हे ते बेव्हरिज अहवालाच्या चौदा वर्षे आधी सांगत होते.

मजूरमंत्री असताना, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे देण्यात आले. त्यांचा अहवाल १९४४ मध्ये आला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. तो मंजूर झाला तेव्हा मजूर खाते जगजीवनराम यांच्याकडे होते. १९४४ मध्येच कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर लावायचा आणि त्यातून कामगारांच्या दवाखान्यांसह सोयी उभ्या करायच्या. ज्या उद्योगात माणूस झिजतो त्या उद्योगाने त्याच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा, असा सरळ हिशेब.

आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा उतरवणे राज्याने सक्तीचे करावे अशी मांडणी केली. त्यांना हे घटनेच्या मुख्य चौकटीत हवे होते, म्हणजे बहुमत बदलले तरी ते पुसता येणार नाही. प्रत्यक्ष संविधानात आरोग्य मार्गदर्शक तत्त्वांत गेले. अनुच्छेद ४७ ने पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरवले, पण त्यासाठी थेट न्यायालयात जाण्याची सोय ठेवली नाही. वर सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये राज्यांच्या यादीत टाकली आणि कर गोळा करण्याची मोठी साधने केंद्राकडे राहिली. रुग्ण राज्याचा, तिजोरी केंद्राची. आरोग्याच्या पैशाचे भांडण तिथून सुरू झाले.

प्रश्न फक्त पैशाचा नव्हता

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडच्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकिकत आहे. १९२९ साल. त्याची पत्नी बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेठने आणि गरासियाने रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला. तेही वस्तीत पाऊल ठेवणार नाही या अटीवर. आजारी बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाकडे दिला, त्याने नवऱ्याकडे, नवऱ्याने पत्नीकडे, आणि तो त्याच वाटेने परत गेला. नाडीला हात न लावता औषध सांगितले गेले. ती बाई वाचली नाही.

इथे डॉक्टर होता, औषध होते, फीची हमीसुद्धा होती. नव्हता तो स्पर्श, आणि नव्हती त्या डॉक्टरला जाब विचारणारी यंत्रणा. म्हणून आरोग्यव्यवस्था म्हणजे फक्त पैसा पुरवणे असे मानणारे अर्धेच बोलतात. खासगी डॉक्टर कोणाला तपासायचे हे स्वतः ठरवू शकतो. सार्वजनिक नोकरीतल्या डॉक्टरवर मात्र कर्तव्य असते आणि ते मोडले तर कारवाई करता येते. दलितांना सार्वजनिक व्यवस्था हवी आहे ती ती स्वस्त पडते एवढ्याचसाठी नाही. जातीचा माज चालू न देण्याचे बळ फक्त तिच्याकडेच असू शकते, म्हणूनही ती हवी आहे. तिथेही जात शिरते हे आम्हाला ठाऊक आहे. पण तिथे लढायला कायदा आणि आरक्षण असते. बाजारात तेही नसते.

पाच खिडक्या

आता स्वतंत्र भारताने काय बांधले ते पाहू.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत आरोग्याचा वाटा एकूण खर्चाच्या ३.३ टक्के होता, दुसरीत ३ टक्के, तिसरीत २.६ टक्के. म्हणजे देश हळूहळू सावरत गेला तसा आरोग्याचा वाटा घटत गेला. २ ऑक्टोबर १९५२ पासून सामूहिक विकास कार्यक्रमात प्राथमिक केंद्रे सुरू झाली, पण एका गटाला एक. म्हणजे भोर समितीने ४० हजारांमागे मागितलेले केंद्र साठ हजार ते एक लाख लोकांमागे आले, आणि तेही अपुऱ्या कर्मचाऱ्यांनिशी. समितीची एक शिफारस मात्र दिमाखात पूर्ण झाली : १९५६ साली दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था. ती हवीच होती. पण आधी कळस झाला आणि पाया राहून गेला.

याच काळात एकेक खिडकी उघडत गेली. १९५२ साली कानपूर आणि दिल्लीत कर्मचारी राज्य विमा योजना सुरू झाली : संघटित कारखान्यातल्या कामगारांसाठी. १९५४ साली केंद्र सरकारी आरोग्य योजना दिल्लीत सुरू झाली : केंद्रीय कर्मचारी आणि अधिकाऱ्यांसाठी, मुख्यतः सरकारी तिजोरीतून. लष्कर आणि रेल्वे यांची रुग्णालये वेगळी. म्हणजे ज्यांच्या हातात भोर अहवाल अमलात आणायची लेखणी होती, त्यांनी आपल्या कुटुंबाची सोय आधी करून घेतली. तिसरी खिडकी पुढे खासगी विम्याची उघडली, ज्याला हप्ता परवडतो त्याच्यासाठी. चौथी खिडकी कार्डाची, तिच्याकडे आपण येऊच. आणि पाचवी खिडकी सावकाराची.

या पाच खिडक्यांसमोर कोण उभे आहे ते बघा. शेतमजूर, बिगारी, वीटभट्टीवरचे, ऊसतोड कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, कंत्राटी सफाई कामगार. यांतल्या किती जणांची नोंद कर्मचारी विम्यात होते? तिची वेतनमर्यादा आहे महिना २१ हजार, म्हणजे गरीब कामगारासाठीच ती आहे. पण कंत्राटदार नावच लावत नाही. बाबासाहेबांच्या काळात सुरू झालेली योजना कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचली आणि जातीने ज्यांना कारखान्याबाहेर, शेताच्या बांधावर आणि गटाराच्या तोंडाशी ठेवले, ते तिच्या बाहेरच राहिले. याला आम्ही आरोग्यातली श्रेणीबद्ध विषमता म्हणतो. वरच्या प्रत्येक खिडकीतल्या माणसाला खालच्या खिडकीपेक्षा आपण बरे आहोत एवढे समाधान मिळते, आणि म्हणून सगळे मिळून एकच खिडकी मागत नाहीत.

याचा परिणाम आयुष्याच्या लांबीवर होतो. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१८ च्या अहवालात भारतातल्या पाहणीचा आधार घेऊन सांगितले की दलित स्त्रीचे मृत्यूच्या वेळचे सरासरी वय उच्चजातीय स्त्रीपेक्षा १४.६ वर्षांनी कमी आहे. ही जवळपास पंधरा वर्षे कोणत्या रोगाने खाल्ली असे विचारून उपयोग नाही. ती भूक, पाणी, बाळंतपण, कष्ट आणि बंद दवाखाना यांनी मिळून खाल्ली.

"पण आपला देश गरीब होता"

हा आक्षेप गंभीरपणे घेऊ. ब्रिटन कर्जात असला तरी त्याच्याकडे रुग्णालये, परिचारिका, उद्योग होते. भारताला वसाहतवादाने लुटलेले होते. १९४८ च्या भारतात ब्रिटनची नक्कल एका रात्रीत झाली नसती, हे मान्य. पण गरीब देशांनी काय केले?

श्रीलंकेला १९३१ साली सार्वत्रिक मताधिकार मिळाला. गावातल्या गरिबाचे मत हवे असेल तर गावात दवाखाना द्यावा लागतो, हे तिथल्या पुढाऱ्यांना लवकर कळले. १९३४-३५ च्या मलेरियाच्या भीषण साथीने निकड आणखी वाढवली. १९५१ साली तिथे सरकारी रुग्णालयांतले शुल्क रद्द झाले. थायलंडने १९९७ च्या आर्थिक कोसळण्यानंतर, २००१-०२ मध्ये, सर्वांसाठी आरोग्य हमी लागू केली. एका भेटीला ३० बाट, बाकी खर्च करांतून. त्याआधी कित्येक वर्षे त्यांनी जिल्हा-तालुक्याची रुग्णालये बांधली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली होती. आपल्याच देशात तमिळनाडूने १९९४ मध्ये सरकारी औषध खरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले आणि औषध पुरवठ्याचा घोळ बराच आटोक्यात आणला.

या सगळ्या ठिकाणी पैसा उतू जात नव्हता. फरक एवढाच की ज्यांना दवाखाना हवा होता त्यांचे राजकीय वजन होते. ब्रिटनमध्ये ते संघटित कामगारांचे होते. आपल्याकडे ज्यांना सार्वजनिक दवाखान्याची सर्वांत जास्त गरज होती तोच समाज जातीजातींत कापलेला होता, आणि ज्यांच्या हाती सत्ता होती त्यांना त्या दवाखान्याची पायरी चढावी लागत नव्हती.

कार्डाचे राजकारण

१९९० नंतर जागतिक बँकेच्या सल्ल्याने अनेक राज्यांच्या सरकारी रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत शुल्क आले किंवा वाढले. खासगी रुग्णालयांना सवलती मिळाल्या. २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने खालच्या पायरीकडे थोडा पैसा वळवला, पण ज्या आशाताईंच्या पायांवर ते उभे राहिले त्यांना 'स्वयंसेविका' म्हणून मोबदल्यावर राबवले; कर्मचारी मानले नाही.

मग आले कार्ड. महाराष्ट्रात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले. २०१८ मध्ये केंद्राने पाच लाखांची आयुष्मान योजना आणली. या योजनांमुळे कोणाचे हृदयाचे ऑपरेशन झाले असेल तर आम्हाला आनंदच आहे. पण नीट समजून घ्या : हे कार्ड ठरावीक आजारांसाठी, ठरावीक रुग्णालयांत, दाखल झाल्यावर चालते. आपल्या लोकांचा खिशातला मोठा खर्च मात्र होतो औषधांवर आणि दाखल न होता घ्याव्या लागणाऱ्या उपचारांवर. शिबिरात साखर निघालेल्या माणसाच्या रोजच्या गोळ्या या कार्डावर येत नाहीत. त्याचा पाय कापायची वेळ आली की कार्ड बाहेर काढायचे. आणि जिथे करांचा पैसा खासगी रुग्णालयाच्या बिलात जातो, तिथे गावचे केंद्र तसेच ओस राहते.

फुल्यांचे नाव लावण्याआधी फुल्यांचे घर काय करत होते ते तरी आठवा. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आणि डॉक्टर यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी दवाखाना उघडला. आजारी माणसाला सावित्रीमाईंनी पाठीवर घेतले आणि १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्या गेल्या. त्यांनी कोणाकडे कार्ड मागितले नव्हते.

सरकारी आकडे आता सुधारले आहेत असे सांगितले जाते. २०१३-१४ मध्ये एकूण आरोग्य खर्चातला ६४.२ टक्के भाग लोकांच्या खिशातून जात होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्के झाला. सरकारचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला. वाढ झाली हे खरे. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत २.५ टक्क्यांचे वचन दिले होते, आणि ब्रिटनचे सरकार ८ टक्क्यांहून अधिक खर्च करते.

तुटीचे ओझे शेवटी कोणावर पडते, हे ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडने दाखवले. तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके. औषधांचा तुटवडा आणि रिकाम्या जागा यांवर चर्चा व्हायला हवी होती. त्याऐवजी एका खासदाराने रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना कॅमेऱ्यासमोर शौचालय साफ करायला लावले. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पैसा आणि माणसे न पुरवणाऱ्या सत्तेने आपली जबाबदारी झाडूवर ढकलली. या देशात झाडू कोणाच्या हातात द्यायचा हे जातीने कधीच ठरवून ठेवले आहे.

आपण काय मागायचे?

एक, कार्डाआधी केंद्र मागा. आजच्या निकषानुसार सपाट भागात ३० हजार आणि डोंगरी-आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे प्राथमिक आरोग्य केंद्र हवे. आपल्या केंद्रात किती पदे मंजूर आहेत, किती रिकामी आहेत, गेल्या वर्षात कोणती औषधे किती दिवस नव्हती, हे माहिती अधिकारात मागा. गावच्या आरोग्य समितीत आणि रुग्ण कल्याण समितीत आपली माणसे बसवा. महाराष्ट्रात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग २००७ पासून झाला आहे. तो पुन्हा जिवंत करणे आपल्या हातात आहे.

दोन, कायदा वापरा. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालच्या शेतमजूर संघटनेच्या खटल्यात सांगितले की सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैशाची अडचण ही सबब चालणार नाही. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. प्रत्येक वस्तीत किमान दोन कार्यकर्त्यांना ही योजना तोंडपाठ हवी.

तीन, हक्क कायद्यात लिहून घ्या. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. खासगी डॉक्टर रस्त्यावर उतरले, जसे १९४८ मध्ये ब्रिटनचे डॉक्टर विरोधात उभे राहिले होते. महाराष्ट्रात असा कायदा व्हावा आणि त्यासोबत निधीची टक्केवारीही कायद्यातच असावी. पैशाशिवायचा हक्क म्हणजे कोऱ्या कागदावरचा शिक्का.

चार, आशाताई, कंत्राटी परिचारिका आणि रुग्णालयातले सफाई कामगार यांचा लढा आपला माना. ज्यांच्या हाताने दवाखाना चालतो त्यांनाच दवाखाना परवडत नसेल, तर ती व्यवस्था सार्वजनिक कशी म्हणायची?

ट्रेडेगरच्या खाणकामगारांनी आधी स्वतःची संघटना बांधली, मग मत दिले, मग आपल्यातला माणूस मंत्री केला आणि मग देशाला दवाखाना दिला. हाच क्रम बाबासाहेबांनी आपल्याला शिका, संघटित व्हा, संघर्ष करा या तीन शब्दांत दिला आहे. यंदाच्या जयंतीला शिबिर जरूर घ्या. पण शिबिरात ज्यांची साखर, रक्तदाब, रक्ताची कमतरता निघेल त्यांची यादी करा, आणि ती यादी घेऊन दुसऱ्या दिवशी सगळे मिळून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात जा. औषध आहे का, एवढेच विचारा. नसेल तर ते का नाही याचे लेखी उत्तर घेतल्याशिवाय परतू नका.

जय भीम!